खोटा ‘पास’ पकडायचा कसा : सी मधल्या छोट्या फाइल टूलच्या एरर हँडलिंगचा रिव्ह्यू

टेस्टिंगसाठी लिहिलेलं टूल कोसळलं तर फारसं बिघडत नाही. सकाळी कुणीतरी लॉग बघतं, दोन शिव्या घालतं आणि दुरुस्त करतं. खरी पंचाईत होते ती टूल काम न करताच ‘पास’ म्हणून मोकळं होतं तेव्हा. त्या एका शब्दावर विसंबून पुढे रिलीज जातं. म्हणून अशा टूलचा रिव्ह्यू करताना ‘इथे इफ आहे का’ एवढं बघून भागत नाही. प्रत्येक बिघाडाचं बोट धरून तो मेन या मुख्य फंक्शनच्या शेवटच्या रिटर्नपर्यंत पोचतो की वाटेत हरवतो, हे बघायचं असतं.

हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही एम्बेडेड टीमच्या रिपॉझिटरीत, टूल्स नावाच्या फोल्डरमध्ये असा अडीचशे ओळींचा एखादा सी प्रोग्राम सापडतोच. आपण उदाहरणादाखल त्याला ‘भरणी’ म्हणू. त्याची कामं तीन. ‘लिही’ म्हटलं की ठरावीक आकाराची फाइल ० ते २५५ अशा बाइट्सच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या नमुन्याने भरायची, ‘तपास’ म्हटलं की तो नमुना जुळतो का बघायचं, आणि ‘नक्कल’ म्हटलं की एका फाइलची दुसरी करायची. लिनक्स आणि जीसीसी हा कंपायलर गृहीत धरलाय. फंक्शनची नावं आपण बोलताना म्हणतो तशीच लिहिली आहेत.

आधी यादी, मग मत

कोड वरून खाली वाचत सुटू नका. तसं वाचलं की लिहिणाऱ्याचा विचार आपल्या डोक्यात शिरतो आणि त्याला जे दिसलं नाही ते आपल्यालाही दिसत नाही. आधी फसू शकणारा प्रत्येक कॉल शोधून कागदावर उतरवा. चार रकाने पुरतात : कॉल कुठला आणि कितव्या ओळीवर, तो अपयश कसं सांगतो, कोड त्यावर काय करतो, आणि शेवटी शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) कुठला आकडा, म्हणजे एक्झिट कोड, मिळतो. अडीचशे ओळींत पंचवीस-तीस नोंदी होतात, त्याला तास-दीड तास लागतो.

दुसऱ्या रकान्यातच अर्धे बग सापडतात, कारण सी मध्ये प्रत्येकाची अपयश सांगायची तऱ्हा वेगळी. एफओपन नल (रिकामा पॉइंटर) देतं, एफक्लोज ईओएफ (एरवी ‘फाइल संपली’ची खूण) देतं, एफरीड आणि एफराइट मागितल्यापेक्षा कमी आकडा देतात, खालच्या पातळीवरचे रीड-राइट उणे एक देतात, एफटेलही उणे एक देतं. एफराइटचं उत्तर ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ असं तपासणारी ओळ दिसली तर ती कधीच खरी होणार नाही. ते उत्तर साइझ-टी प्रकारचं असतं, म्हणजे ऋण होऊच शकत नाही.

एक्झिट कोड ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका

फाइलींची तुलना करणाऱ्या डिफ आणि सीएमपी यांची जुनी पद्धत इथेही उत्तम चालते : ० म्हणजे जुळलं, १ म्हणजे जुळलं नाही, २ म्हणजे तपासताच आलं नाही. १ आणि २ एक केले की ‘डेटा खराब आहे’ आणि ‘फाइल उघडलीच नाही’ यांतला फरक पुसला जातो, आणि मग टीम दोन दिवस फ्लॅश ड्रायव्हरमध्ये बग शोधत बसते.

न जुळलेल्या बाइट्सची संख्याच मेनमधून परत करणारा कोड बऱ्याचदा दिसतो. शेलपर्यंत त्या आकड्याचे खालचे आठच बिट पोचतात. २५५ चुका असतील तर २५५ दिसतं, २५६ चुका झाल्या की ०. म्हणजे पास.

टूलला हाक मारणारी स्क्रिप्टही रिव्ह्यूत घ्या. टूलचं आउटपुट पाइपने टी कडे (पडद्यावर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे लिहिणाऱ्या कमांडकडे) दिलं असेल तर बॅशला कोड मिळतो तो टी चा, भरणीचा नव्हे. त्यासाठी स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल हा पर्याय चालू हवा. आणि ‘खराब फाइल दिल्यावर टूलने नापास करावं’ अशी उलटी टेस्ट असेल, तर ती नुसतं ‘शून्य नाही ना’ एवढंच बघते का ते तपासा. सेगमेंटेशन फॉल्ट झाला तरी शेल १३९ देतं, म्हणजे १२८ अधिक सिग्नल क्रमांक ११. टूल मेलं तरी टेस्ट पास. अशा टेस्टने नेमका १ मागायला हवा.

आकार वाचणारी ओळ

‘लिही’ला फाइलचा आकार लागतो, आणि तो एटूआयने (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनने) वाचलेला असेल तर तिथेच पेन टेकवा. एटूआयला चूक सांगायची सोयच नाही. अंक सापडला नाही तर ते ० देतं. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि कुणी देवनागरी अंकांत आकार टाइप केला की एटूआयच्या लेखी तो अंकच नसतो. शून्य बाइटची फाइल तयार होते. मग ‘तपास’ ती वाचतं, शून्य बाइट तपासतं, शून्य चुका मोजतं आणि पास म्हणतं. लाखाचा आकडा आपल्या सवयीप्रमाणे स्वल्पविराम देऊन टाकला तर पहिल्या स्वल्पविरामाशी वाचन थांबतं आणि एका लाखाऐवजी १ हाती येतो.

त्याऐवजी स्ट्र-टू-यूएलएल वापरा, पण ते नुसतं बदलून काम होत नाही. कॉलच्या आधी एर्नो (शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणारा चल) शून्य करा, कारण लायब्ररी तो स्वतःहून कधीच शून्य करत नाही. नंतर वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा शेवटचा पॉइंटर सुरुवातीलाच अडकलाय का बघा, तसं असेल तर अंक नव्हतेच. मागे काही अक्षरं उरली असतील तर ती के, एम, जी यांपैकी एक आहेत का बघा, नसतील तर नकार. मग ईरेंज, म्हणजे ‘आकडा मर्यादेबाहेर’ ही एरर, आली का बघा. आणि सगळ्यात फसवं ते वजाचं चिन्ह : हे फंक्शन ‘-१’ बिनतक्रार स्वीकारतं आणि ६४ बिटी आकड्यात गुंडाळून १८४४६७४४०७३७०९५५१६१५ देतं. ईरेंज येत नाही. त्यामुळे वजाचं चिन्ह आधीच स्वतः शोधावं लागतं. एम साठी १०४८५७६ ने गुणायच्या आधी कमाल मर्यादेला १०४८५७६ ने भागून तुलना करा. गुणाकार उलटून गेल्यावर तपासून काही कळत नाही.

उघडणं

एफओपनची नल तपासणी बहुतेक कोडमध्ये असते. तिच्या आजूबाजूला बघा.

लिनक्सवर डिरेक्टरी वाचण्यासाठी एफओपन केली तर ती उघडते. ईआयएसडीआयआर (‘ही डिरेक्टरी आहे’) ही एरर येते पहिल्या वाचनाला. म्हणजे ‘उघडली, आता वाचन होणारच’ असं मानणारा कोड इथे घसरतो. कसा, ते पुढे येतंय.

‘नक्कल’मध्ये स्रोत आणि लक्ष्य एकच फाइल निघाली तर ‘डब्ल्यू’ मोडने उघडताक्षणी मूळ फाइल रिकामी होते. नावांची तुलना पुरत नाही, कारण नावाआधी ‘./’ लावलं किंवा हार्डलिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव) असली की नाव वेगळं आणि फाइल तीच. स्टॅट कॉलने मिळणारे दोन्हींचे एसटी-डेव्ह (उपकरणाचा क्रमांक) आणि एसटी-आयनो (फाइलचा अंतर्गत क्रमांक) ताडून बघा, आणि तेही लक्ष्य उघडायच्या आधी. लक्ष्य नवीनच असायला हवं असेल तर सी११ पासून ‘डब्ल्यूएक्स’ मोड आहे. फाइल आधीपासून असेल तर तो नकार देतो.

फोल्डर आणि नाव जोडायला एसएनप्रिंटएफ असेल तर त्याचं उत्तर बफरच्या आकाराशी ताडलंय का? उत्तर बफरच्या आकाराइतकं किंवा जास्त असेल तर पाथ कापला गेलाय, आणि टूल आता दुसऱ्याच फाइलवर काम करणार. मराठी नावांना हे लवकर होतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-वेलांटीसुद्धा. ‘शनिवारवाडा’ दिसायला सहा अक्षरं, पण चिन्हं १० आणि बाइट ३०. ईएक्सटी४ या लिनक्स फाइलसिस्टिमवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. टेस्ट केसचं अख्खं वर्णन फाइलच्या नावात कोंबणाऱ्यांना ही मर्यादा लवकरच भेटते.

वाचणं

‘जोवर एफ-ईओएफ नाही तोवर वाच’ असा लूप दिसला की थांबा. वाचताना एरर आली तर एफ-ईओएफ कधीच खरं होत नाही. त्यामुळे भरणीला ‘तपास .’ असं सांगून चालू डिरेक्टरीच दिली, तर ती उघडते, वाचन फसतं, शून्य बाइट येतात, ईओएफ लागत नाही, आणि प्रोसेसरचा एक कोर रात्रभर तापत राहतो. लूप एफरीडच्या उत्तरावर चालवा, आणि लूप संपल्यावर एफ-एरर (‘वाटेत एरर आली का’) विचारा. तो लागला असेल तर २.

यापेक्षा शांतपणे फसवणारी चूक म्हणजे एकेक बाइट वाचणाऱ्या एफगेटसीचं उत्तर कॅर या एका बाइटाच्या प्रकारात ठेवणं. एफगेटसी इंट देतं ते उगाच नाही : २५६ बाइट आणि वर एक ईओएफ, अशी २५७ उत्तरं त्याला द्यायची असतात. लॅपटॉपच्या एक्स८६ वर कॅर चिन्हासह असतो, म्हणून २५५ हा बाइट उणे एक होतो आणि ईओएफसारखाच दिसतो. आपला नमुना आठवा : ०, १, २ करत २५५. ६४ एमबीची फाइल, म्हणजे ६,७१,०८,८६४ बाइट. टूल पहिले २५५ बाइट तपासतं, पुढच्या बाइटला ‘फाइल संपली’ समजतं आणि पास देतं. तोच कोड एआरएम लिनक्स बोर्डवर नेला तर तिथे कॅर चिन्हाविना असतो, उत्तर कधीच उणे एक होत नाही, आणि लूप संपतच नाही. ‘माझ्या मशीनवर चालतंय, बोर्डवर अडकतंय’ अशी तक्रार आली की सगळे बोर्डावर संशय घेतात. इथे तर बोर्ड अडकलं म्हणून निदान कळलं तरी!

या सगळ्यावर एकच जालीम उपाय : ‘तपास’ने किती बाइट तपासले ते मोजावं, अपेक्षित आकाराशी ताडावं, आणि पास म्हणताना तो आकडा छापावा. ‘पास, २५५ बाइट’ असं दिसलं की कुणालाही शंका येईल.

लिहिणं आणि बंद करणं

वेळ कमी असेल तर बाकीचं सोडून हा भाग बघा.

एफराइट यशस्वी झालं याचा अर्थ बाइट आपल्या प्रोसेसच्या बफरमध्ये गेले, एवढाच. ग्लिबसीत (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) हा बफर साधारण ४०९६ बाइटांचा असतो. डिस्क भरलेली असली तरी १०० बाइट लिहायला सांगा, एफराइट आनंदाने १०० म्हणेल. ईएनओएसपीसी (‘जागा नाही’ ही एरर) उघड होते ती बफर रिकामा होताना, म्हणजे बहुधा एफक्लोजमध्ये. आणि एफक्लोजचं उत्तर बघणारा कोड विरळा. जीसीसीही त्यावर इशारा देत नाही.

हे डोळ्यांनी बघायला डिस्क भरायची गरज नाही. लिनक्सवर ‘/डेव्ह/फुल’ नावाचं एक उपकरण असतं, त्यावर काहीही लिहिलं तरी ‘जागा नाही’ असंच उत्तर मिळतं. भरणीला त्याच्यावर १०० बाइट लिहायला लावा आणि लगेच एक्झिट कोड छापा. ० आला तर रिव्ह्यूतली पहिली आणि सगळ्यात मोठी नोंद तयार झाली.

बरोबर क्रम असा. प्रत्येक एफराइटचा आकडा तपासा. शेवटी एफ-एरर विचारा, कारण मधलं एखादं लिहिणं फसलं आणि कोडने ते सोडून दिलं, तर शेवटचं एफक्लोज नीट पार पडूही शकतं. मग एफक्लोज, आणि त्याचं उत्तर. एफक्लोज फसलं तरी तो स्ट्रीम गेलेला असतो, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. सफाईच्या भागात तोच पॉइंटर दुसऱ्यांदा बंद होत नाही ना, हे बघा. बंद करताक्षणी पॉइंटर नल करणं ही साधी सवय इथे वाचवते. मात्र फ्रीला नल दिलेला चालतो, एफक्लोजला चालत नाही.

स्टँडर्ड आउटपुटही फाइलच आहे. ‘तपास’चा अहवाल भरलेल्या डिस्कवरच्या फाइलमध्ये वळवला असेल, तर अहवाल गायब आणि कोड ०. मेन संपवायच्या आधी स्टँडर्ड आउटपुट फ्लश करून त्याचं उत्तर बघा.

एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर पोचवायला लावणारा कॉल) हवं का? टेस्ट डेटा बनवणाऱ्या टूलला बहुतेक वेळा नको. उगाच टाकलं तर हजार छोट्या फाइल बनवायला फार वेळ लागेल. पण बोर्डची वीज मध्येच तोडून बघायची टेस्ट असेल, किंवा गुरुवारी देखभालीसाठी वीज गेल्यावर यूपीएस मान टाकतो अशी लॅबची ख्याती असेल, तर हवं. तेव्हा आधी एफफ्लश, मग एफसिंक, मग एफक्लोज. आणि एफसिंक फसलं तर पुन्हा प्रयत्न करायचा नाही. लिनक्स कर्नल न लिहिली गेलेली पानं (मेमरीतले डेटाचे तुकडे) ‘स्वच्छ’ मानू शकतो, मग दुसरं एफसिंक यश सांगतं आणि डेटा मात्र डिस्कवर नसतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएलच्या मंडळींच्या हे लक्षात आलं. आता तो डेटाबेस एफसिंक फसलं की मुळात पुढे चालत राहण्यालाच नकार देतो.

खालच्या पातळीवरचं राइट वापरलं असेल तर अर्धवट लिहिणं ही एरर नसते, उरलेलं लिहायला लूप हवा. ईइंटर (सिग्नलमुळे आलेला व्यत्यय) आली तर राइट पुन्हा करा. क्लोज मात्र लिनक्सवर पुन्हा करू नका. उघड्या फाइलचा तो क्रमांक (डिस्क्रिप्टर) तेव्हाच सुटलेला असतो आणि मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडच्या फाइलला मिळालेला असू शकतो.

काम फसल्यावर अर्धी फाइल मागे राहिली तर पुढची टेस्ट तीच उचलते. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, सगळं नीट बंद झाल्यावर रिनेम करा. तात्पुरती फाइल ‘/टेम्प’मध्ये ठेवली आणि ते वेगळं फाइलसिस्टिम निघालं तर रिनेम ईएक्सडेव्ह देऊन अडतं.

संदेश

पुणेरी पाटी कितीही कुचकट असली तरी काय, कुठे आणि किती वाजता याबद्दल शंका ठेवत नाही. एरर संदेशाने कुचकटपणा सोडून बाकी तेवढंच घ्यावं : कुठलं काम, कुठली फाइल, कितव्या बाइटला, आणि कर्नलने दिलेलं कारण. सगळं स्टँडर्ड एररवर.

‘वाचन फसलं : सक्सेस’ असा संदेश दिसला तर दोनच शक्यता. एक, फाइल अपेक्षेआधी संपली आणि कोडने एर्नोचं कारण छापणाऱ्या पीएररला हाक मारली. फाइल संपल्याने एर्नो बदलत नाही, म्हणून तिथे ‘फाइल लहान आहे’ असा स्वतःचा संदेश लागतो. दोन, एरर आल्यावर आधी लॉग छापला किंवा दुसरी फाइल बंद केली, आणि त्यात मूळ एर्नो पुसला गेला. एरर आली की पहिली ओळ एर्नो स्वतःच्या चलात जपण्याची हवी.

मेमरीबद्दल थोडक्यात. मॅलॉकची नल तपासणी हवीच. रीअॅलॉकचं उत्तर जुन्याच पॉइंटरमध्ये ठेवलं असेल तर फसल्यावर जुनी मेमरी हरवते. अडीचशे ओळींच्या टूलला ठरावीक ६४ केबीचा बफर पुरतो, मग हा विषयच मिटतो.

आता मुद्दाम पाडून बघा

वाचून काढलेली मतं चालवून सिद्ध करा. ‘/डेव्ह/फुल’ झालं. सुडो वापरून १ एमबीचं टेम्पएफएस (मेमरीतलं फाइलसिस्टिम) माउंट करा आणि त्यावर २ एमबी लिहायला सांगा, म्हणजे जागा मध्येच संपेल. यूलिमिट -एन ने उघड्या फाइलची मर्यादा खाली आणा, ईएमफाइल येईल. यूलिमिट -एफ ने फाइलच्या आकाराला लगाम घाला. मात्र तिथे आधी एसआयजीएक्सएफएसझेड हा सिग्नल येतो आणि टूल १५३ देऊन मरतं. शेलमध्ये तो सिग्नल दुर्लक्षित करून टूल चालवलं तर ईएफबिग ही एरर कोडपर्यंत पोचते.

परवानगी ००० करून ‘फाइल उघडू नये’ अशी टेस्ट लिहिली असेल तर ती रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालत नाही ना ते बघा. रूटला ती परवानगी अडवत नाही, आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये वेगळं सांगितलं नाही तर आपण रूटच असतो. लॅपटॉपवर पास, सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर) नापास, या कोड्याचं हे नेहमीचं उत्तर.

सगळ्यात कामाचं हत्यार एसट्रेस, म्हणजे प्रोग्रामचे कर्नलकडे जाणारे कॉल दाखवणारं आणि हवे ते पाडणारं टूल. त्याच्या इंजेक्ट पर्यायात ‘राइट, एरर ईएनओएसपीसी, व्हेन ३’ एवढं सांगितलं की तिसरं राइट फसतं, बाकी सगळं खरं. तिसऱ्यापासून पुढची सगळी फसवायची तर आकड्यामागे अधिक चिन्ह. यावर छोटा लूप लिहा : आधी पहिलं राइट पाडा, मग दुसरं, मग तिसरं, इंजेक्शनचा स्पर्श न होता काम पूर्ण होईपर्यंत. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या टेस्ट अशाच एकेक आय-ओ पाडत पुढे सरकतात. नंतर हाच लूप रीड, क्लोज आणि रिनेमसाठी. प्रत्येक फेरीला टाइमआउट १० सेकंद. अडकलं तर १२४ मिळेल. फेरी बरोबर कधी? कोड २, स्टँडर्ड एररवर एक ओळ, आणि अंतिम नावाची फाइल जागेवर नाही. वाचण्यापुरत्या उघडलेल्या फाइलचं क्लोज पाडलं असेल तेवढी सवलत द्या.

सोबत बिल्ड करताना -ओ२ सह सगळे इशारे चालू ठेवा, जीसीसी १० पासून असलेला, कोड न चालवता चुका शोधणारा -एफअॅनलायझर लावा, एक फेरी मेमरीच्या चुका पकडणाऱ्या अॅड्रेस सॅनिटायझरखाली आणि एक व्हॅलग्राइंडच्या, उघड्या राहिलेल्या फाइल दाखवणाऱ्या ट्रॅक-एफडीज पर्यायाखाली काढा. शेवटी कुठली ओळ किती वेळा चालली ते मोजणाऱ्या जीकॉव्हचा अहवाल उघडा. ज्या ओळींपुढे पाच हॅश दिसतील त्या एकदाही चाललेल्या नाहीत, आणि त्या जवळजवळ सगळ्या एरर हँडलिंगच्याच असतील.

नोंद कशी लिहावी

‘एरर हँडलिंग सुधारा’ या शेऱ्याने कुणाचंच भलं होत नाही. असं लिहा : ‘ओळ ११२, एफक्लोजचं उत्तर सोडलंय. लक्ष्य /डेव्ह/फुल देऊन १०० बाइट लिहिले, संदेश नाही, कोड ०. अपेक्षित कोड २.’ यात वाद घालायला जागा उरत नाही, आणि हीच नोंद उद्याची टेस्ट होते.

जिथे सोडून द्यायचं तिथे सोडूनही द्या. फक्त वाचायला उघडलेल्या फाइलचं एफक्लोज फसलं तर डेटाचं काही बिघडत नाही, वाचन आधीच एफ-एररने तपासलेलं असतं. स्टँडर्ड एररवर छापताना एफप्रिंटएफ फसलं तर ते सांगणार तरी कुणाला? तिथे एका ओळीची कॉमेंट पुरे, नाहीतर पुढचा रिव्ह्यूअर तोच कॉल पुन्हा यादीत घेईल.